पोटमाळ्याची उंची

बत्तीस वर्षं मी लोकांची घरं नापास करत आलो. फुशारकीने सांगत नाही, नोकरीच तशी होती. आमच्या गावच्या बांधकाम परवानगी खात्यात माझ्या टेबलावर नकाशे यायचे, मी त्यांच्यावर लाल पेन्सिल फिरवायचो आणि ते आल्या पावली परत जायचे. जिन्याला कठडा नाही, परत. पोटमाळ्याची उंची कमी, परत. एका पाद्रीबुवांच्या कोंबड्यांच्या खुराड्याचा नकाशा तर मी तीनदा परत पाठवला. चौथ्या वेळी त्यांनी नकाशा सुधारण्याऐवजी कोंबड्याच विकून टाकल्या. माझ्या निरोप समारंभात साहेब म्हणाले, "औमर यांच्या नजरेतून काही सुटत नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी बायको रोस्विता टाळ्या न वाजवता केक खात होती.

आता नजरेतून सुटण्याचा विषय निघालाच आहे, तर एक कबुली देऊन टाकतो. दर जानेवारीत, नाताळचं झाड घराबाहेर काढलं की मी घरातला कचरा वेगवेगळा लावायला बसतो. काच वेगळी, कागद वेगळा, टोपणं वेगळी. हे काम मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. त्या ढिगात दर वर्षी एक सपाट बॅटरी निघायची. साडेचार व्होल्टची, डोक्यावर दोन पितळी पट्ट्या असलेली, जुन्या टॉर्चमध्ये घालायचे तशी. आमच्या घरात अशी बॅटरी लागणारी एकही वस्तू नाही. तरी मी ती मुकाट्याने दुकानातल्या बॅटऱ्यांच्या डब्यात नेऊन टाकायचो. ज्याने पाद्रीबुवांच्या कोंबड्या मोजल्या, त्याने घरातल्या बॅटरीबद्दल बायकोला कधी एका शब्दाने विचारलं नाही. असो. मला सांगायचं होतं ते बाहुलीघराबद्दल.

एप्रिलमध्ये मी निवृत्त झालो आणि मे महिन्यापासून रोस्विताच्या स्वयंपाकघराची तपासणी सुरू केली. चूल खिडकीपासून किती लांब आहे, शेल्फ किती वजन पेलेल, वगैरे. जूनपर्यंत तिने सोसलं. ऑक्टोबरात आलुबुखाराचा मुरांबा घालताना मी तिला कढईच्या कडीचा कोन समजावून सांगत होतो, तेव्हा ती कढईकडेच बघत म्हणाली, "विनफ्रीड, हाताला काहीतरी काम शोध. आणि सध्या तळघरातून बरण्या आण."

आमच्या इमारतीत आठ बिऱ्हाडं आहेत आणि तळघरात प्रत्येकाला लाकडी पट्ट्या ठोकून केलेला एकेक कप्पा आहे. बरण्या शोधता शोधता माझ्या हाताला निळ्या चौकड्यांच्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं लागलं. लग्न होऊन रोस्विता घरी आली तेव्हा हे गाठोडं बरोबर आलं होतं आणि तेव्हापासून त्याची गाठ कुणी सोडलेली नव्हती. मी सोडली. आत तिचं लहानपणचं बाहुलीघर होतं.

आमच्याकडे बाहुलीघर वर्षभर खेळायला नसतं. नाताळच्या संध्याकाळी ते पोरीसमोर येतं आणि सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, नाहीसं होतं. मधल्या काळात घरातली मोठी माणसं गुपचूप त्याची डागडुजी करतात आणि पुढच्या नाताळाला त्यात एखादी नवी वस्तू दिसते. पोरीला सगळं ठाऊक असतं. पण ठाऊक नसल्यासारखं वागणं हा तिच्याकडचा वाटा, आणि तो ती इमानदारीत पाळते. रोस्विताचे वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते. ती चार वर्षांची असताना त्यांनी हे घर बनवलं. एका वर्षी चूल आली, एका वर्षी पडदे, एका वर्षी जिन्यावर अंथरायला पट्टी. पोरीचं मागणं मात्र एकच होतं, प्रत्येक खोलीत खराखुरा दिवा. वडील दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या वर्षी, रोसी." ती नऊ वर्षांची असताना नोव्हेंबरात ते वारले. त्या नाताळाला आईने घर मांडलं, पण त्यात नवं काही नव्हतं. त्यानंतर घर चादरीत गेलं ते गेलंच.

हे तिने मला लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं. आता त्या अंधाऱ्या घरासमोर गुडघे टेकून बसलो असताना ते मला आठवलं. या नाताळाला सहाच्या सहा खोल्यांत दिवे लागलेले तिला दाखवायचे, असं मी तिथेच ठरवलं. बरण्या न्यायला मी विसरलो.

बाहुलीघराच्या खिडकीला एक डोळा लावून बघितलं की काय होतं ते ज्याने बघितलं त्यालाच कळेल. आपलं शरीर बाहेर राहतं आणि आपण आत जातो. मी बैठकीत शिरलो, जिना चढलो, न्हाणीघरात डोकावलो. भिंतींवर पिवळ्या फुलांचा कागद होता, छताच्या मधोमध कागदाचीच एकेक नक्षीदार चकती चिकटवलेली होती. अर्धा तास मी त्या घरात हिंडलो आणि मग जन्माची सवय उफाळून आली. खिशातून वही काढून मी तपासणी अहवाल लिहायला घेतला. दोष एकूण चौदा निघाले. जिन्याला कठडा नाही. स्वयंपाकघरातून बाहेर पडायला दुसरा रस्ता नाही. आणि दोष क्रमांक चौदा, लाल पेन्सिलीने अधोरेखित: पोटमाळ्यावर राहायची खोली काढली आहे, पण उंची फक्त एक मीटर नव्वद. नियमाने निम्म्या भागात तरी दोन मीटर वीस हवी.

खरं म्हणजे उंची एकोणीस सेंटिमीटर होती. पण दार वीस सेंटिमीटरचं, म्हणजे माणसाच्या घराचा दहावा भाग, हे मी पहिल्याच दिवशी मोजून काढलं होतं. हल्लीची दुकानं बाराव्या भागाचं सामान विकतात, हे मात्र मला पार्सलं येईपर्यंत माहीत नव्हतं.

ही पार्सलं मी घरी नसताना आली आणि आमच्या इमारतीत कुणी घरी नसलं की पार्सल तळमजल्यावरच्या रिंगेलबाई घेतात. रिंगेलबाई सदैव घरी असतात. त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"औमरसाहेब, तुमचा डबलबेड आलाय," त्या म्हणाल्या आणि वहीएवढं खोकं माझ्या हातात ठेवलं. "वर लिहिलंय तसं. काल न्हाणीघराचा टब आला होता. आरसा पण आहे."

"रिंगेलबाई, हे रोस्विताला कळता कामा नये."

"म्हणजे नवा डबलबेड, नवं न्हाणीघर, आणि बायकोला कळता कामा नये."

"अहो, खोकं केवढं आहे ते तरी बघा."

"मी कुठे काय म्हणाले? माणसाने जमेल तेवढ्यात भागवावं," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं, पण पूर्ण नाही.

नाइलाजाने मी त्यांना तळघरात नेऊन बाहुलीघर दाखवलं. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग नवा पलंग त्यांनी चिमटीत धरून झोपायच्या खोलीत ठेवला आणि म्हणाल्या, "यात झोपणाऱ्याचे पाय बाहेर येणार. माझी बहीण एका असल्याच पलंगावर अकरा वर्षं झोपली. पुढे गुडघे गेले." तेव्हापासून माझं गुपित त्यांनी पोटात ठेवलं आणि त्याबद्दल मला त्यांचा सल्ला रोज ऐकावा लागला. पडदे आखूड आहेत. चुलीजवळ लाकडं ठेवायला जागा नाही. बैठकीत कुणी बसत नसणार, बसत्या बैठकीतला भिंतीचा कागद असा स्वच्छ राहत नाही.

सल्ल्यापर्यंत ठीक होतं. पण मी छोटं ड्रिल आणलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वा वाजता रिंगेलबाई हातात इमारतीची नियमावली घेऊन तळघरात हजर झाल्या.

"एक ते तीन शांतता," त्या म्हणाल्या.

"याचा आवाज डासाएवढा आहे. तुम्हाला वर ऐकू येतो का?"

"ऐकू नाही येत. पण चालू आहे हे मला माहीत असतं, आणि मग डोळा लागत नाही." त्यांनी पान उलटलं. "शिवाय कलम अकरा. तळघराच्या कप्प्यात राहण्याजोगी खोली उभारू नये. इथे सहा आहेत. स्वयंपाकघरासकट."

"रिंगेलबाई, हा नियम माणसांसाठी आहे."

"तसं लिहिलेलं नाही. ज्याने लिहिलं त्याने नीट लिहायला हवं होतं."

ज्याने लिहिलं त्याची सही खाली होती. एकोणीसशे चौऱ्याण्णव साली ती नियमावली मी स्वतः तीन रविवार बसून लिहिली होती आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाचा मला अभिमान होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शेवटी तडजोड झाली. ड्रिल तीननंतर चालवायचं, आणि बाहुलीघर म्हणजे 'साठवणीतलं सामान' असं मी एका कागदावर लिहून कप्प्यावर चिकटवायचं. तो कागद मी चिकटवला, तारीख घालून.

दुसरे सल्लागार लोखनर. ते निवृत्त वीजतंत्री, शेजारच्या कप्प्यात त्यांची खेळण्यातली आगगाडी आहे. पट्ट्यांमधून त्यांना माझं सगळं दिसायचं. मी कप्प्याला चादर लावली तर ते चादर बाजूला करून बघायचे.

"हल्लीचे ते चिमुकले दिवे लावू नकोस," ते म्हणाले. "त्यांचा उजेड दवाखान्यासारखा पडतो. जुने टॉर्चचे बल्ब लाव, माझ्याकडे डबाभर आहेत. आणि माझा गाडीचा ट्रान्सफॉर्मर देतो. बासष्ट सालचा आहे, अजून टणटणीत."

"पण तारा कुठून न्यायच्या? भिंतींवरून दिसतील."

"कागद खरवडून काढायचा, तारा टाकायच्या, वरून नवा कागद लावायचा. दीड दिवसाचं काम."

मी कागदाकडे बघितलं. पिवळी फुलं फिकी झाली होती, पण सांधे असे जुळवले होते की एकही फूल अर्धं तुटलेलं नव्हतं. ते खरवडायला माझा हात होईना. म्हणून तारांचा प्रश्न मी पुढे ढकलला आणि आधी पोटमाळ्याची उंची वाढवायचं ठरवलं. नियमात न बसणाऱ्या खोलीत दिवा लावणं मला पटत नव्हतं. एवढ्या वर्षांत मी ते कुणाला करू दिलं नव्हतं, तर सासऱ्यांना तरी का करू द्यावं?

इकडे घरात रोस्विता फार विचित्र वागत होती. ती तळघरात येणं टाळू लागली. बटाटे हवेत, "तूच आण." कांदे हवेत, "तूच जा, तुला आवडतं खाली." आणि कधी यावंच लागलं तर जिना उतरताना मोठ्याने गाणं म्हणत यायची. आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, तिला मी चर्चबाहेर गाताना ऐकलं नव्हतं. गाणं ऐकू आलं की चादर ओढून घ्यायला मला भरपूर वेळ मिळायचा. नशीब जोरावर आहे, असं मी मनात म्हणायचो. माझ्या केसांत लाकडाचा भुसा असायचा आणि ती जेवताना तो झटकून पुन्हा सूप वाढायची. विचारायची काही नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी बारीक दातांच्या करवतीने छपराच्या खालून चारही बाजूंनी घर कापलं आणि मध्ये तीन सेंटिमीटरच्या पट्ट्या बसवल्या. काम नेटकं झालं. धुराड्याच्या बाजूला कापताना करवतीखाली केसांसारखं काहीतरी मऊ कुरकुरलं, पण जुन्या घरात भिंतीत काय काय भरतात ते मला ठाऊक होतं, म्हणून मी थांबलो नाही. पोटमाळा दोन मीटर वीस झाला. मी वहीतल्या दोष क्रमांक चौदावर 'दूर केला' असं लिहिलं आणि सही केली.

त्यानंतर चार दिवसांनी धुराडी तपासणारे बुल्मन मिस्त्री आले. ते दर डिसेंबरात बॉयलर बघायला तळघरात येतात. त्यांच्या काळ्या कोटाच्या बटणाला हात लावला की वर्ष चांगलं जातं, म्हणून रिंगेलबाई आधीच बॉयलरपाशी उभ्या होत्या. बटणाला हात लावून त्या म्हणाल्या, "आता औमरसाहेबांचं पण बघा. त्यांनी घर बांधलंय."

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी बाहुलीघरापुढे उकिडवं बसून, खऱ्या घराकडे बघावं तसं छपराकडे बघितलं.

"हे धुराडं छपराच्या शिखराच्या खाली आलंय," ते म्हणाले. "धूर आत येईल."

ते खरं होतं. मी छप्पर उचललं होतं, पण धुराडं तेवढंच ठेवलं होतं. या एका कारणावरून मी निदान चाळीस नकाशे परत पाठवले असतील. रिंगेलबाईंनी "अरेरे" म्हटलं आणि त्यात त्यांना फारसं दुःख झालेलं नव्हतं.

मिस्त्रींनी टॉर्च काढला आणि सवयीने धुराड्याच्या आत प्रकाश टाकला. बराच वेळ ते बघत राहिले.

"आत तारा आहेत," ते म्हणाले.

"कसल्या तारा?"

"टेलिफोनच्या वाटतात. बारीक, रंगीत. सहा जोड्या. आणि खाली पितळी पट्ट्यांचा एक खण आहे. सपाट बॅटरी बसेल एवढा." मग त्यांनी टॉर्च आणखी आत धरला. "तारा कापल्यात. ताज्या कापल्यात, तोंडं चकाकतायत."

मी चिमट्याने वरची टोकं बाहेर ओढली. प्रत्येक जोडीला लाइनमन बांधतात तशी दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधलेली होती आणि तिच्यावर पेन्सिलीने बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं. स्वयंपाकघर. बैठक. झोपायची खोली. न्हाणीघर. जिन्याची खोली. सहाव्या चिठ्ठीवर पोटमाळा असं लिहिलेलं नव्हतं. तिच्यावर लिहिलं होतं, रोसीची खोली.

मी छतावरच्या एका नक्षीदार चकतीची कड नखाने उचलली. खाली तारेची दोन टोकं वळवून, बल्बची वाट बघत ठेवलेली होती. सासऱ्यांनी सगळं केलं होतं. त्या शेवटच्या वर्षी त्यांनी सहाही खोल्यांत तारा टाकल्या होत्या आणि वरून कागद चिकटवून नाताळापर्यंत झाकून ठेवल्या होत्या. फक्त बल्ब आणि बॅटरी राहिली होती. आणि सत्तावन्न वर्षांनी त्यांच्या जावयाने उंचीचा नियम पाळण्यासाठी त्या करवतीने कापून टाकल्या. मी बटाट्याच्या पेटीवर बसलो. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. रिंगेलबाई वर जाऊन माझ्यासाठी कॉफी घेऊन आल्या, आणि तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

लोखनर म्हणाले, "आता तर प्रश्नच मिटला. फाडून टाक सगळं, नव्या तारा घाल."

"नाही," मी म्हणालो. "जुनं बांधकाम आहे तसं राहील." हे वाक्य बत्तीस वर्षांत शेकडो लोक माझ्यासमोर काकुळतीला येऊन बोलले होते, आणि मी ते कधी मान्य केलं नव्हतं. पाद्रीबुवा आता हयात नाहीत, नाहीतर जाऊन आलो असतो.

पुढचे बारा दिवस मी आणि लोखनर त्या तारा जोडत होतो. छप्पर तीन सेंटिमीटर वर गेल्यामुळे प्रत्येक तार तीन सेंटिमीटर आखूड पडत होती, म्हणून प्रत्येकीला तुकडा जोडायचा. पापणीच्या केसाएवढी तार, माझी बोटं जाड, लोखनरांचा चष्मा घरी राहिलेला. पाच जोड्या जमल्या आणि त्यांच्या टोकांना लोखनरांचे बल्ब लागले. सहावी, रोसीच्या खोलीची, ओढताना भिंतीच्या आत कुठेतरी तुटली. ती काढायची तर पिवळ्या फुलांचा कागद फाडावा लागला असता. मी तेवीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत विचार केला आणि फाडला नाही.

चोवीस तारखेला दुपारी रोस्विता म्हणाली, "मी रिंगेलबाईंकडे कॉफीला जाते. बरोब्बर एक तास लागेल." मला वाटलं, नशीब किती साथ देतं. लोखनर आणि मी घर वर आणून बैठकीत ठेवलं. लोखनर ट्रान्सफॉर्मर माझ्या हवाली करून मुलीकडे जेवायला गेले. सहा वाजता मी बैठकीचं दार लावून घेतलं. पोरं बाहेर थांबतात आणि घंटी वाजली की आत येतात, तसा आमच्याकडे रिवाज आहे. रोस्विता सहासष्ट वर्षांची आहे आणि ती दाराबाहेर मुकाट्याने उभी होती.

मी घंटी हातात घेतली आणि ट्रान्सफॉर्मरचं बटण दाबलं. फट्ट आवाज झाला, जळका वास आला आणि आमच्या घरातले सगळे दिवे गेले.

"येऊ का?" बाहेरून आवाज आला.

"थांब."

बासष्ट सालच्या त्या टणटणीत यंत्रातून धूर निघत होता. दुकानं दुपारी दोनलाच बंद झाली होती आणि आता सत्तावीस तारखेशिवाय उघडणार नव्हती. मला त्या पितळी खणाची आठवण झाली. सपाट बॅटरी बसेल एवढा, असं मिस्त्री म्हणाले होते, आणि मी लोखनरांच्या नादाने तिकडे लक्षच दिलं नव्हतं. मी काही न सुचून दार उघडलं. नाताळाआधीच्या चार रविवारांसाठी टेबलावर मांडलेल्या हिरव्या डहाळ्यांच्या चक्रात चार मेणबत्त्या जळत होत्या, तेवढाच उजेड होता.

"तुझ्या घरात दिवे लावायचे होते," मी म्हणालो. "तुझ्या बाबांनी कबूल केले होते ते. लागले नाहीत. माफ कर."

रोस्विता घराजवळ गेली. नवा टब, आरसा, कठडा, कशाकडेच तिने बघितलं नाही. तिने सरळ धुराड्यात बोट घातलं.

"बाबांच्या तारा जोडल्यास?" तिने विचारलं.

"तुला कसं माहीत?"

"दर वर्षी मी घरात आधी नवी वस्तू शोधायची. त्या वर्षी सगळे म्हणाले, यंदा नवं काही नाही. मी शोधली. ती इथे होती." तिने बोट बाहेर काढलं. "कुणाला सांगितलं नाही मी. आईला रडू आलं असतं."

"मग बॅटरी लावून कधी बघितलं नाहीस?"

"घ्यायचे. दर डिसेंबरात एक घ्यायचे. मग वाटायचं, लावली आणि दिवे नाही लागले तर? मग ठेवून द्यायचे. जानेवारीत टाकून द्यायचे." तिने शिवणाच्या डब्याचं झाकण काढलं आणि आतून एक कोरी सपाट बॅटरी काढून माझ्या हातात ठेवली. "यंदाची आहे. तू खाली भुसा पाडत होतास तेव्हाच आणली. इतकं घसा फोडून गायले, म्हटलं या वर्षी तरी होईल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी इतरांच्या बाबतीत पुष्कळदा वापरली आहे. मग मी बॅटरी धुराड्यात सोडली. ती त्या खणात अशी बसली की वरून दाबावंसुद्धा लागलं नाही.

स्वयंपाकघरात दिवा लागला. बैठकीत, झोपायच्या खोलीत, न्हाणीघरात, जिन्यावर, सगळे एकदमच, पिवळे आणि मिणमिणते. रोस्विताने गुडघे टेकले, एक डोळा खिडकीला लावला आणि किती तरी वेळ ती आत होती. मी तिच्या मागे उभा होतो.

"आणि वर?" ती खिडकीतूनच म्हणाली. "माझी खोली?"

"ती तार भिंतीत तुटली. माझ्यामुळे. पोटमाळ्याची उंची एक मीटर नव्वद होती, नियमाने दोन मीटर वीस लागते. म्हणून मी छप्पर उचललं."

ती वळली.

"विनफ्रीड, मी पाच वर्षं राहिलेय तिथे. माझं डोकं कधी लागलं नाही."

आणि ती हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे वाहत होते आणि ती ते माझ्या बाहीला पुसत होती. मी म्हणालो, कागद फाडला असता तर तार काढता आली असती. ती म्हणाली, नाही फाडलास ते बरं केलंस, बाबांनी सांधे जुळवायला दोन रात्री घालवल्या होत्या.

"मग आता त्या खोलीचं काय?" मी विचारलं.

"बाबा काय म्हणायचे?"

"पुढच्या वर्षी," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि सॉसेज गरम करायला उठली. बटाट्याचं सॅलड तिने सकाळीच करून ठेवलं होतं.

सहा जानेवारीला आम्ही दोघांनी मिळून घर निळ्या चादरीत बांधलं आणि खाली नेलं. रिंगेलबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी कप्प्यावरचा 'साठवणीतलं सामान' हा कागद सरळ केला. मग मी वर येऊन दर वर्षीप्रमाणे कचरा लावायला बसलो. काच वेगळी केली, कागद वेगळा केला, टोपणं वेगळी केली. सगळा ढीग मी दोनदा तपासला. त्यात बॅटरी नव्हती.